माझं कडक सोवळं

देवी संकटात धावून येते असं मी लोकांना सांगत असे, पण खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा माझाच विश्वास डळमळला. नव्वदच्या आसपासची गोष्ट, नवरात्राची तिसरी माळ. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत सकाळी मोरीत खोकलो आणि पाहतो तर लाल! माझे काका क्षयाने गेलेले, त्यामुळे डॉक्टरची वाट न धरता मी स्वतःच निदान करून टाकलं.

बायकोला सांगायचा धीर होईना. तिला बाधा नको म्हणून ताट-पेला वेगळा केला, सतरंजी गॅलरीत टाकली. तिला वाटलं, नवऱ्याने यंदा कडक सोवळं धरलंय! तिने ते कौतुकाने चाळभर केलं. दोन शेजारणी चक्क पाया पडून गेल्या. खोकला त्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून डोळे मिटले, तर त्यांना ती समाधी वाटली.

पाचव्या माळेला तिने मला ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला नेलं. रांगेत माझा एकच धावा चालला होता, आई, पोरं लहान आहेत, मला जगव. मूर्ती समोर आली आणि उबळ आली. रुमाल लाल झाला. मागच्या कोळीणमावशीने माझी हनुवटी धरली. “गिलताना टोचतं काय?” मी मान डोलावली. “म्हावरं खाल्लंस काय रं दादा?”

“अहो मावशी, नवरात्र आहे! हे पाणीसुद्धा सोवळ्यातलं पितात,” बायको म्हणाली.

देवी माझ्याकडेच बघत होती. खोटं बोलवेना. “भिंग,” मी म्हणालो. दुसऱ्या माळेला, ठाण्यातल्या मित्राकडे, ताजं, तव्यावरचं. त्या मासळीत काटे किती असतात ते ठाऊक असूनही चार तुकड्या.

“काटा रुतलाय गल्यान. आधी डाक्तर गाठ.”

डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला. खात्रीसाठी छातीचा फोटोही काढायला लावला, तो पुढे स्वच्छ निघाला. गडबडीत मावशीचं नाव विचारायचं राहिलं. देवीनेच तिला माझ्यामागे उभं केलं असं मी मानतो.

दवाखान्याच्या बाकावर मी भिंगाबद्दल माफी मागू लागलो, तर बायको रडायलाच लागली. “मेलं ते भिंग! रक्त पडत होतं आणि मला सांगितलं नाहीत?”

सगळा भार देवीवर टाकलाय असं मी समजत होतो. प्रत्यक्षात भीती मुठीत गच्च धरून बसलो होतो. तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “मला फार भीती वाटली गं.”