मी नळाची राखण सोडली

पाण्यापायी माझी नोकरी गेली.

तेव्हा आम्ही पैठण रोडच्या बाजूला नव्यानं वाढलेल्या एका वसाहतीत राहत होतो. लागोपाठची दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडत चालला होता आणि शहर मात्र रोज नवे प्लॉट पाडत होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. दिवस अंदाजानं कळायचा, वेळ कुणालाच ठाऊक नसायची. कधी सकाळी भाकरी थापताना, कधी भर दुपारी, कधी त्या दिवशी नाहीच, दुसऱ्या दिवशी. आलेलं पाणी टिकायचंही थोडाच वेळ. तेवढ्यात मोटर लावून हौद भरला नाही, तर पुढचा आठवडा टँकरवाल्याची मनधरणी करत काढायचा.

म्हणून पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी असावंच लागे. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, मोटरीपर्यंतच्या पायऱ्या त्यांना उतरवत नसत. राहिले मी. मीसुद्धा वाळूजलाच होते, एका लहानशा वर्कशॉपमध्ये. पाण्याच्या पंपांना जे कंट्रोल बोर्ड लागतात, त्यांचं सोल्डरिंग करायचे. ते काम मला मनापासून आवडायचं. सोल्डरिंगच्या तापल्या इस्त्रीच्या टोकाला कथिल लावलं की ते वितळून टिकलीसारखं चकाकत जागेवर बसतं. चूक झाली तर ती समोर दिसते, आणि आपल्यालाच दुरुस्त करता येते. घरात अशी सोय नव्हती.

दर आठवड्याला माझी एक सुट्टी पडायला लागली. एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "ताई, दर वेळी तुमचं पाणीच. नळ सांभाळा नाहीतर नोकरी सांभाळा."

मी म्हटलं, "तुमच्या घरी नळ कोण सांभाळतं?"

"बायको."

"मग तिच्या जिवावर तुम्ही इथं उभे आहात."

त्याला ते झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून मला काम नव्हतं.

घरी कुणाला फार वाईट वाटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता पाण्याचा घोर मिटला." नवऱ्याच्याही तोंडावर सुटल्यासारखं दिसलं. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली आणि एक परात इतक्या जोरात आदळली की तिचा काठ दुमडला. ती दुमडलेली परात मग कितीतरी दिवस वापरली आम्ही.

नळाजवळ बसून राहायचं म्हणजे नेमकं काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळत नाही. आंघोळीला गेलं तरी कान तिकडे. कुणाच्या बारशाला जायचं नाही, दवाखान्यात जायचं तर दुसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात अशी एक बाई बांधलेली होती. एका दुपारी तशीच बसलेली असताना मनात आलं, मी ज्या बोर्डांना कथिलाचे डाग देत होते, ते पंप आपोआप चालू-बंद करायचे. मग माझाच नळ मला हाक का मारू शकत नाही?

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "इंजिनियर लोकांचं काम आहे ते."

"त्या बोर्डांना डाग कोण देत होतं?"

"डाग देणं वेगळं, डोकं लावणं वेगळं."

त्या एका वाक्यानं मी पेटले, हे कबूल करते.

पैठण गेटजवळच्या गल्लीत सुट्या भागांचं एक दुकान होतं. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे चाचा. आजूबाजूला कॉलेजची मुलं गर्दी करून उभी. त्यांनी मला पाहिलं नि विचारलं, "क्या होना बाजी? बच्चे का प्रोजेक्ट है क्या?"

"नाही. माझा प्रोजेक्ट आहे."

मुलं वळून बघायला लागली. मी बघू दिलं. चाचांनी काय करायचंय ते नीट ऐकून घेतलं आणि तळहाताएवढा एक निळा बोर्ड माझ्यापुढं ठेवला. त्यात मायक्रोकंट्रोलर होता, म्हणजे एक बारकासा मेंदू. आपण त्याला लिहून द्यायचं, अमुक झालं की तमुक कर, आणि तो ते न कंटाळता करत राहतो.

लिहून द्यायला कॉम्प्युटर हवा होता. तो शेजारच्या वहिनींकडे होता. त्या शिकलेल्या, मोठ्या घरच्या. सासरची मंडळी पूर्वी भिक्षुकी करायची, आता सगळे नोकरीत. वहिनी स्वतः घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांच्याकडे माझं जाणं-येणं फारसं नव्हतं. मी दार वाजवून सरळ मागितला. त्या म्हणाल्या, "घ्या की. मलाही दाखवा काय करताय ते. मीही तुमच्यासारखीच नळाला बांधलेली आहे."

फोनवर हिंदीतले व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, बघून बघून इंग्रजी अक्षरं टाइप करायची. पहिला धडा सगळ्यांचा एकच असतो: बोर्डवरचा बारका दिवा उघडझाप करायला लावायचा. माझा दिवा काही केल्या लागेना. वहिनींनी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली आणि म्हणाल्या, "इथे व्हिडिओत अर्धविराम आहे. तुमच्याकडे नाही." तो टाकला आणि दिवा मिचकायला लागला. आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत राहिलो. वहिनींची शिकवणीची मुलं दारात येऊन उभी राहिली, तरी आमचं लक्ष नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं, आणि खरी फजितीही.

आधी मी नळाच्या तोंडाशी दोन उघड्या तारा ठेवल्या. पाणी लागलं की त्यांच्यातून बारीक वीज जाईल आणि बोर्डला कळेल. एकदा चाललं. पुढच्या खेपेपर्यंत तारांवर हिरवट पापुद्रा धरला आणि बोर्ड आंधळा झाला. मग चाचांकडून एक छोटी चक्की आणून नळाला जोडली. पाणी वाहिलं की ती फिरते. सोबत सिमकार्ड घालायचं एक यंत्र लावलं. चक्की फिरली की मला फोन यायचा.

मी छातीठोकपणे भाजी आणायला बाहेर पडले. मेथीची जुडी हातात घेतली आणि फोन वाजला. जुडी तिथंच टाकून धावत घरी आले. नळ कोरडा. सासूबाई दारात बसलेल्या.

"हवा आली व्हती," त्या म्हणाल्या. "भर आता हौदात हवा."

गल्लीतल्या बायका हसल्या. मला रडू आलं नाही, राग आला, तोही स्वतःचाच. रिकाम्या पाइपातली हवा पाण्याच्या आधी फुसफुसत बाहेर येते, हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. चक्कीला हवा काय, पाणी काय, सारखंच.

नवरा म्हणाला, "झालं समाधान? दे आता सोडून."

"नाही देत."

मग दोन्ही एकत्र जोडलं. चक्कीही फिरली पाहिजे आणि तारांनाही पाणी लागलं पाहिजे, तेव्हाच फोन. तारा गंजू नयेत म्हणून त्यांच्यात कायम वीज ठेवायची नाही, मधूनमधून क्षणभर सोडून बघायचं. ही युक्ती व्हिडिओत मिळाली, पण ती स्वतः लिहून चालवल्यावर मला जो गर्व झाला, तो झालाच. शिवाय रिले नावाचा एक विजेवर चालणारा खटका लावला, म्हणजे मोटर आपली आपण सुरू होईल आणि हौद भरला की बंद. लाइट गेली तरी बोर्डानं जागं राहावं म्हणून बॅटरी पाहिजे होती. नवऱ्यानं आपल्या मोटारसायकलची जुनी बॅटरी आणून पायरीवर ठेवली. मी ती उचलून जोडली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी मुद्दाम लांब गेले. फोन आला. परतले तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता आणि मोटर बंद. मी हौदाचं झाकण उघडं ठेवून नुसती बघत उभी राहिले.

बातमी गल्लीभर झाली. ज्या हसल्या होत्या त्याच विचारायला आल्या. प्रत्येकीच्या नळाला असं बसवणं जमण्यासारखं नव्हतं. वहिनींनी सुचवलं, "लाइन एकच आहे. एक भोंगाच लावू या." मी आमच्या गच्चीवर भोंगा लावला. पाणी आलं की तो सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

ज्यांना तो खुपला ते आमच्या वसाहतीचे अध्यक्ष. त्यांचं घर लाइनच्या तोंडाशी होतं आणि व्हॉल्व्ह सोडणारा माणूस त्यांना आधी फोन करायचा. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त बोलत कुणी नव्हतं. बाकीच्या घरांना कळेपर्यंत त्यांच्या दोन्ही टाक्या भरलेल्या असायच्या. आता भोंगा वाजला की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू.

त्यांनी मंदिराच्या सभामंडपात मीटिंग बोलावली. म्हणाले, "नळाला वायरी जोडल्यात. उद्या कुणाला करंट लागला तर जबाबदार कोण? आणि परवानगी कुणाची घेतली? वायरी आजच्या आज निघाल्या पाहिजेत."

पुरुष माना डोलवायला लागले. करंट शब्द ऐकला की माणसं घाबरतात. मी उठले, घरी गेले, बॅटरी, बोर्ड, तारा सगळं उचलून आणलं. मंदिरातली पाण्याची बादली पुढं ओढली, तारा तिच्यात सोडल्या आणि कोपरापर्यंत हात बुडवला.

"ही मोटारसायकलची बॅटरी आहे," मी म्हटलं. "तुमच्या गाडीलाही असते. या, तुम्हीही हात घाला."

ते आले नाहीत. वहिनी आल्या. साडीचा पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि हात पाण्यात घातला. म्हणाल्या, "गार आहे. बाकी काही नाही." मग कुणीतरी हसलं आणि मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "साहेब, करंट आमाला नाय लागत. तुमालाच लागला वाटतं."

मीटिंग तिथंच मोडली. पण अध्यक्ष ऐकणाऱ्यांतले नव्हते. दोन दिवसांनी एका इलेक्ट्रिशियनला घेऊन ते आमच्या दारात हजर. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज ऐकून धावले तर सासूबाई जिन्याच्या पायरीवर आडव्या बसलेल्या. ज्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरवत नव्हत्या, त्याच गुडघ्यांवर हात ठेवून.

"आजी, बाजूला व्हा. तुमच्या सुनेनं बेकायदा काम केलंय."

"माझी सून लई शाणी हाय, ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तिच्याशी भांडाया मी हाय. तुमी कामून आमच्या गच्चीवर चढता?"

"मग तुम्हीच समजावा तिला."

"समजावलं. नाय ऐकत. जावा आता."

इलेक्ट्रिशियननं आपली पिशवी उचलली. अध्यक्षही त्याच्या मागं निघून गेले. मी सासूबाईंना उठायला हात दिला. त्यांनी तो झिडकारला आणि म्हणाल्या, "तो भोंगा कमी कर जरा. कान फुटत्यात माझे." मी तो कमी केला नाही. कमी केला तर शेवटच्या घराला ऐकू येत नव्हता.

सगळं गोड झालं असं नाही. सगळ्यांच्या मोटरी एकदम लागल्या की शेवटच्या घरांना धारच येईना. त्यावरून बायकांत कडाक्याची भांडणं झाली. मग आधी खालची ओळ, मग वरची, असं ठरलं. ते कधी पाळलं गेलं, कधी नाही. अध्यक्ष पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. माझंही त्यावाचून काही अडलं नाही. मला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथं पहिल्यांदा पाण्याचा फोन आला, तेव्हा मी तो कट केला आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली. तो क्षण मला अजून आठवतो.

हौद भरत होता तोवर माझं खूळ घरात चालून गेलं. त्याचा उपयोग होता ना. पण नंतर मी एक छोटी गाडी बनवायला घेतली. चार चाकं, दोन मोटरी, पुढं दोन डोळ्यांसारखा सेन्सर. समोर काही आलं की गाडी थांबते, इकडेतिकडे बघते आणि मोकळ्या बाजूला वळते. तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. नवरा म्हणाला, "ह्याचा उपयोग काय?" वर्कशॉपमधल्या बाया म्हणाल्या, "एवढ्या वेळात दोन ब्लाउज शिवून झाले असते." वहिनीसुद्धा जरा चाचरत म्हणाल्या, "छान आहे, पण कशासाठी?"

मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "कशासाठीच नाही. मला आवडतं."

पुरुषांनी पत्ते खेळले तर त्यांना कुणी उपयोग विचारत नाही. क्रिकेट बघत दिवस काढला तरी नाही. बाईनं केलेल्या प्रत्येक गोष्टीतून पाणी तरी निघालं पाहिजे नाहीतर भाकरी तरी, हे मला मान्य नव्हतं. अजूनही नाही.

गाडी पहिल्यांदा धड चालली त्या दिवशी माझे वडील आले होते. ते पाचोडकडचे, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. त्या साली चारा नाही म्हणून कळप अर्धा करून, थकून चार दिवस लेकीकडं आलेले. मी गाडी खोलीत सोडली. ती भिंतीपर्यंत गेली, थबकली, वळली. सासूबाईंच्या खाटेशी गेली, तिथूनही वळली. सासूबाईंनी पाय वर घेतले.

आबांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे मेंढरं वळील का?"

"नाय, आबा."

"मंग काय करतं?"

"काय नाय. नुसतं फिरतं."

गाडी त्यांच्या पायाशी येऊन थांबली. त्यांनी पाय हलवला नाही. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि दाराच्या दिशेनं निघाली.

"फिरू दे की मंग," आबा म्हणाले.