बाहेरच्या दारात फक्त ऐकायचं

वायर हातात घेतली की ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "पलीकडे कोण आहे?"

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका मासळीच्या कारखान्याचं नेटवर्क त्या एकट्या बघत. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. केबल ओढायला आलो आणि ताईंनी ठेवून घेतलं. दाखला मागितला नाही, खोलीही त्यांनीच बघून दिली. आपल्या हातून काही बिघडेल आणि त्यांना ऐकून घ्यावं लागेल, ही धास्ती मला कायम असे.

ऑफिसातला स्विच तुम्हीही पाहिला असेल, लुकलुकत्या दिव्यांचा डबा. असे डबे, आणि काही लॅपटॉपही, थोड्या थोड्या वेळाने वायरीच्या पलीकडच्या शेजाऱ्याला आपलं नाव सांगतात: मी अमका, अमक्या खोलीतला. शेजारी ते टिपून ठेवतो. आवाज थांबला की दोनेक मिनिटं वाट बघून पुसून टाकतो. ताई स्क्रीनवर ती यादी काढून दाखवत.

"माझ्यासारखेच बोलके," मी म्हणालो.

"तुझ्यासारखे नाय रे मेल्या! हे नाव सांगून थांबतात. तू रिक्षावाल्याला आईचं दुखणंपण सांगतोस."

पाहुण्यांच्या खोलीत मात्र त्यांनी स्विचला नाव सांगायला बंदी केली होती. "तिथे कोण येऊन बसेल, काय माहीत? बाहेरच्या दारात ऐकायचं. सांगायचं नाय."

ताईंचं माहेर हेदवीचं, पण गणपतीतही त्या घरी जात नसत. सगळा कारखाना ओस, आणि आम्ही दोघं डब्यांवरची धूळ पुसत बसलेलो. एकदा मी विचारलंच. त्या स्क्रू पिळत राहिल्या.

"नवरा पहिला हेदवीतच शोधील. मागल्या खेपेला हात मोडलान माझा. मी कुठे आहे ते त्याला कळता नये." मग हसल्या. "हे काम त्यानेच शिकवलं हो मला."

एका सकाळी कॅमेरे दुरुस्त करायला बाहेरचा माणूस आला. ताईंनी सवयीने यादी काढली. पाहुण्यांच्या खोलीसमोर एका लॅपटॉपचं नवं नाव उमटलं होतं. ताईंचा हात कीबोर्डवरच राहिला.

"हे नाव मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या कुत्र्याचं."

"ताई, दुसऱ्या कोणाचं असेल..."

"पलीकडे कोण आहे, कळलं मला." त्यांनी पर्स उचलली. "मी गेले की माझ्या लॅपटॉपची वायर काढ." मागच्या दाराने बर्फाचा टेम्पो सुटत होता. त्या ड्रायव्हरशेजारी चढल्या.

तो वर येऊ नये म्हणून मी आधी खाली पाहुण्यांच्या खोलीत गेलो. माणूस हसरा, गोड बोलणारा.

"दादा, इथलं नेटवर्क कोण बघतं? वायरी फार सुबक बांधल्यात. हात ओळखीचा वाटतो."

मी तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. "तुम्ही कुठले, साहेब?"

तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो.

"बाई आहे का कोणी?"

"मी केबल ओढतो, साहेब."

वर येऊन मी ताईंच्या लॅपटॉपची वायर काढली आणि माझ्या स्क्रीनसमोर उभा राहिलो. त्यांचं नाव यादीत अजून होतं. मग गेलं. एवढं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

ताई परत आल्या नाहीत. कुठे आहेत, मला ठाऊक नाही. असतं, तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

कॅमेरे केव्हाच दुरुस्त झाले. तो माणूस मात्र काही ना काही निमित्त काढून अजून येतो. पाहुण्यांच्या खोलीत वायर लावून ऐकत बसतो, आणि वर माझ्या स्क्रीनवर त्या कुत्र्याचं नाव उमटतं.