वांगी रंगाचा दुसरा शालू

मालकाने दारावरच्या साड्या एकेक करून खाली ओढल्या. सकाळीच मी त्या लावल्या होत्या. वर घट्ट आवळून खाली निऱ्या पसरल्या की मोराच्या पिसाऱ्यासारख्या दिसायच्या. टाचण्या उडाल्या, एक साडी टरकली, तरी तो थांबला नाही. शिरूरचा बाजार होता, दुकानासमोर माणसं जमली. आत गादीवर बसलेली बागायतदारीण बोट रोखून सांगत होती, "ती हिरवी बी काढा. हिचा हात लागल्यालं एकबी लुगडं माझ्या म्होरं नको."

त्याआधी तिने माझ्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून खेचला होता आणि जमिनीवर टाकला होता. तो पदर तिच्याचसाठी मी खांद्यावर घेतला होता. रंग अंगावर कसा दिसतो ते दाखवायला मालक मलाच उभी करायचा. "पोरगी काळी हाय, पर लुगडं खुलतंय हिच्यावर," असं ती हसून म्हणालीही होती. मग सोबतच्या बाईने तिच्या कानात सांगितलं की ही बौद्धवाड्यातली.

"आप्पा, आमी तुमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधाया येतो. इटाळ घ्याया न्हाई."

"चुकलं वैनीसाहेब. आत्ता घालवतो तिला."

मी कुठल्या आळीतली हे मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गिऱ्हाइकाला कळेपर्यंत त्याला चालत होतं.

मी रडले नाही. तिचं तोंड नीट बघून घेतलं. पुढचा एक दात सोन्याने मढवलेला आणि हनुवटीवर गोंदण. तेवढं घेऊन मी घरी आले.

माझा भाऊ दौंडला रेल्वेत खलाशी होता. त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी चौथी शिकलेली, दुसरं काम येत नव्हतं, म्हणून परत कापडाच्याच दुकानात झाडू मारायला लागले. या शेठने नुकतंच दर्शनी बाजूला काचेचं कपाट करून घेतलं होतं, माणूस उभा राहील एवढं, आणि मुंबईहून दोन बाहुल्या आणल्या होत्या. गोऱ्यापान, नाकं मडमांसारखी, डोक्यावर केस नाहीत. त्यांना नेसवणं कुणालाच जमेना. नऊवारी तर शक्यच नव्हती, कारण बाहुलीचे पाय एकमेकांना चिकटलेले, काष्टा घालायला मधे जागाच नाही. मी काष्टा वेगळा घडी करून मागून टाचण्यांनी बसवला. पोटाला वर्तमानपत्रं गुंडाळली, म्हणजे ओचा भरलेला दिसतो. शेठने झाडू काढून घेतला आणि बाहुल्या नेसवायला मला कपाटात उभं केलं. कपाट आणि दुकान यांच्यामध्ये एक पडदा होता. मी सगळा दिवस त्या पडद्याआड असायचे. माझी आळी शेठने कधी विचारली नाही. मीही सांगितली नाही.

काही वर्षं अशीच गेली. एक दिवस तोंडात टाचण्या धरून मी बाहुलीच्या निऱ्या घालत होते आणि काचेपलीकडून एक बाई बाहुलीकडे बघत होती. सोन्याचा दात दिसला.

ती धाकट्या लेकीचा बस्ता बांधायला आली होती. सोयरीक दौंडचीच, विहीण सोबत होती. मी पडद्याआडच थांबले. दोघी आत येऊन बसल्या.

"बाव्हली तर बाव्हली, पर कसं चापूनचोपून नेसवलंय बगा," ती विहिणीला म्हणाली. "आमच्या शिरूरला असं कुनाला जमत न्हाई."

वरातीसाठी तिने वांगी रंगाचा, हिरव्या काठाचा शालू काढला. स्वतःला डाळिंबी लुगडं घेतलं. विहीण म्हणाली, "शालू झाक हाय, पर गावभर दिसाया नको."

"एकच पीस हाय मावशी," शेठ म्हणाला. "असा दुसरा अख्ख्या तालुक्यात सापडायचा न्हाई."

दुसरा फळीवर होता. गठ्ठा मीच सोडला होता.

लग्न दौंडलाच होतं, तिने शेठला आग्रहाने बोलावलं. त्या दिवशी दुकान माझ्यावर टाकून तो जेवायला गेला. नवऱ्या मुलाचं घर पेठेच्या पलीकडे, वरातीला आमच्या दुकानावरून जाण्याखेरीज दुसरा रस्ता नव्हता. मी आधी माझा डबा पिशवीत भरून ठेवला. मग कामाला लागले.

एका बाहुलीला दुसरा शालू नेसवला. कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, कुंकू लावलं. दुसरीला डाळिंबी नऊवारी. तिच्या हनुवटीवर शाईने गोंदण काढलं, वरच्या ओठाला सोनेरी कागदाचा कपटा दातासारखा चिकटवला. तिचा हात खांद्यातून फिरवून वर केला, म्हणजे बोट रोखल्यासारखं दिसलं. आणि तिच्या पायाशी एक हिरवी साडी चुरगळून टाकली. एवढं मन लावून मी आयुष्यात काही मांडलं नव्हतं.

दिवेलागणीला बँड आला. मी कपाटातली ट्यूब लावली.

"आरं, नवरी तर हितं हुबी हाय!" कुणीतरी ओरडलं. "मग जीपमदी कोन बसलंय?"

"आन् ही डाळिंबीवाली कोन रं? वळकू येतीया का?"

बँडवाले हसायला लागले, वाजवणं राहिलं. विहीण काचेपाशी आली, मग मागे वळली.

"अवो, एकच पीस व्हता न्हवं? का बाव्हलीच्या अंगावरचं उतरवून आमच्या सुनंला घातलं?"

"न्हाई वो, कोरा हाय, तुमच्या म्होरंच घडी मोडली," बागायतदारीण म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. तिने कपाटात पाहिलं. बोट पाहिलं, पायाशी पडलेली साडी पाहिली. "कुनी केलं ह्ये?"

मी दार उघडून पायरीवर आले. "म्या. शिरूरला तुमी पदर वढला व्हता न्हवं? ती मी."

ओळख पटली ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"दोनी शालूंना माजा हात लागलाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमच्या लेकीच्या अंगावर हाय, त्येची घडी बी म्याच घातलीया."

"उतरव! आदी उतरव ते!"

"या की आत. तुमच्या हातानं उतरवा."

ती पायरीपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. आत यायचं तर माझ्या अंगाला घासून यावं लागलं असतं.

जीपमधून नवरी म्हणाली, "आये, चल की आता. लोक बगत्यात." तिने शालू काढून टाकला नाही. पदर नीट केला आणि समोर बघत बसली.

वरात पुढे गेली. तिच्या मागोमाग शेठ धावत आला आणि त्याने मला हाकललं. मी पिशवी उचलली. पुढे कितीतरी वर्षं मी स्टेशनबाहेर बोंबील विकले. ते काम मला कधी आवडलं नाही. पण ती पायरी आठवली की बरं वाटायचं, आणि आजही वाटतं. सोडून द्यायला हवं होतं असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यांचा पदर कुणी ओढला नव्हता.

शिरूरचा मालक गेला. शेठ गेला. ती बाई म्हातारपणी दौंडला लेकीच्या घरी येऊन राहिली होती, तिथेच गेली. मी मातीला गेले नाही. तिची ती लेक अजून पेठेपलीकडच्या घरात आहे. आणि मी आहे.