गच्चीवरचा टॉवर आणि वरचे काका

रविवार, ११ जानेवारी. आमच्या असोसिएशनची सभा दुपारी संपली आणि मी तिचं इतिवृत्त लिहायला बसले आहे. गेली सहा वर्षं मीच सेक्रेटरी आहे, कारण निवडीच्या दिवशी पेन घेऊन आलेली मी एकटीच होते. काम अवघड नाही. कोण आलं, काय ठरलं, चहा झाला, सभा संपली. आज मात्र दुसऱ्याच ओळीला अडकले. 'सर्वात वरच्या मजल्यावरील सभासदांनी हरकत घेतली' असं लिहिलं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. त्या एका ओळीत तो माणूस मावत नाही. म्हणून वही बाजूला सारून आधी हे लिहिते.

सबंध हैदराबादेत नियम पाळणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची चार मजली इमारत आहे. चौथ्यावर मी, आणि माझ्या वर अर्ध्या गच्चीवर बांधलेल्या तीन खोल्यांत वरचे काका आणि वरच्या काकू. अशा खोल्यांना इथे पेंटहाऊस म्हणतात. बाहेरगावचे पाहुणे तो शब्द ऐकून मोठ्या अपेक्षेनं जिना चढतात आणि वर पोचल्यावर पाणी मागतात. काकांनी नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढण्यात आणि तपासण्यात सगळी नोकरी घालवली. त्यांचे वडील सरकारी कचेरीत, आजोबा तर निजामाच्या उर्दू कचेरीत. त्यामुळे घरात फाइलला अजून मिसल म्हणतात आणि अर्जाला दरखास्त. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण ही गोष्ट काकांना कुणी समजावून सांगितलेली नाही. कानावर टोकदार पेन्सिल असते, सदऱ्याच्या खिशात मापाची टेप असते, आणि जगात जे जे बांधलेलं आहे ते ते दोन बोटं तरी पुढे आलेलं आहे याची त्यांना खात्री असते.

समोरच्या घरातल्या मुलीच्या लग्नात गल्लीत मांडव पडला होता. मुलीचा बाप दारात हात जोडून उभा. काका नमस्कार करून आत गेले, दहा मिनिटांनी परत बाहेर आले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मांडव उत्तम आहे. बगारा बैंगन तर फारच उत्तम. फक्त आगीचा बंब आत यायला चार फूट कमी पडतात." त्या माणसाचा चेहरा पाहवेना. काका मात्र निश्चिंत मनानं आत जाऊन खुबानीचं गोड दोनदा घेऊन आले, कारण त्यांचं कर्तव्य झालं होतं. मागे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी वॉर्डबॉयला थांबवलं. "या उताराचा कोन चुकलाय. मला डोक्याकडून न्या, नाहीतर मी घसरेन." नेलं बिचाऱ्यानं डोक्याकडून. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? जिन्याचा कठडा किती उंच आहे, हा.

संक्रांतीच्या आधी महिनाभर आमच्याकडे दारोदारी मुग्गू घालतात, म्हणजे ठिपक्यांच्या मोठाल्या रांगोळ्या. आमच्या इमारतीचा मुग्गू पहिल्या मजल्यावरच्या अम्मा घालतात. गेल्या सोमवारी त्या कमरेत वाकून अर्ध्यावर आलेल्या, आणि काका वरून कठड्याशी येऊन ओरडले, "अम्मा, तुमचा हा कोपरा म्युन्सिपाल्टीच्या हद्दीत जातोय!" अम्मा तेलुगूत काही पुटपुटल्या, ते मी लिहीत नाही. उत्तर आलं ते वरूनच, काकूंचं. "मग म्युन्सिपाल्टीला सांगा जरा सरकून बसायला! जाऊ द्या की जी. रांगोळी आहे, भिंत नव्हे."

काकू या माणसाबरोबर एवढी वर्षं कशा राहिल्या, याचं उत्तर त्यांच्या जिभेत आहे. पण जिभेतला जोर गुडघ्यांत नाही. दसऱ्याच्या आसपास आमची लिफ्ट कायमची बंद पडली. मोटर गेली, दोर गेले, दुरुस्तीवाला आत डोकावून नुसताच हसला. तेव्हापासून काकू खाली उतरलेल्या नाहीत. त्यांची बहीण सिकंदराबादेत असते. दर गुरुवारी बहिणीकडे जायचं, दोघींनी मिळून जेवायचं आणि बाकीच्या बहिणींची उणीदुणी काढायची, हा त्यांचा नेम होता. आता ते काम फोनवर चालतं. "फोनवर मजा नाही गं," त्या मला म्हणाल्या, "समोरचीचं तोंड दिसत नाही ना!"

अशात डिसेंबरात टॉवरवाला आला. मोबाइलच्या एका कंपनीसाठी जागा शोधणारा, पंचविशीतला, चकचकीत बुटांचा मुलगा. आमच्या गच्चीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर खांब उभे करायचे, अँटेना लावायच्या, आणि भाड्याची पहिली उचल एवढी मोठी की नवीन लिफ्ट बसेल. मी व्यवहारी बाई आहे. मी त्याच दिवशी मनातल्या मनात लिफ्टचा रंगही ठरवून टाकला. सगळ्यांच्या सह्या घ्यायला म्हणून मी छोटी सभा बोलावली. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाब किरणांना घाबरत होते, अम्मा चिमण्यांची काळजी करत होत्या. काका उठले. म्हणाले, "किरणं आणि चिमण्या हा माझा विषय नाही. गच्चीच्या काठापासून किती अंतर सोडणार? इमारतीच्या मजबुतीचा दाखला कुठाय? मंजूर नकाशा पाहिला का?"

"अंकल, परेशान नक्को होओ," मुलगा गोड हसून म्हणाला. "परमिशन का सब हम देख लेते."

"तुम देख लेते," काका म्हणाले, "तो मैं भी देख लेता."

आणि दुसऱ्या दिवशी ते जुन्या कचेरीत जाऊन आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशाची नक्कल मिळण्यासाठी दरखास्त देऊन आले. मी डोक्याला हात लावला. आता हा माणूस काठापासूनच्या अंतरावर महिना काढणार आणि लिफ्ट पुढच्या दसऱ्याला जाणार. नक्कल गेल्या बुधवारी मिळाली, आणि मग जे झालं त्यानं मी खरी घाबरले. काही झालंच नाही! माझ्या दाराखालून येणारी त्यांची चिठ्ठी, ती सुंदर अक्षरातली, 'विषय:' आणि 'संदर्भ:' असलेली, तीही आली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. गल्लीत कुणीतरी विटांचा ढीग टाकला तरी वरून आवाज नाही. शनिवारी सकाळी मी संमतीचा कागद घेऊन वर गेले.

नकाशा जमिनीवर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार स्टीलचे पेले. काका त्याच्याशेजारी मांडी घालून बसले होते. काकू खाटेवर शेंगा सोलत होत्या.

"बघ," काका म्हणाले. "हा चौथा मजला. हे तुझं स्वयंपाकघर. आता याच्यावर बघ."

याच्यावर एक चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, पाण्याची टाकी. बाकी गच्ची मोकळी.

"आणि तुमचं घर?" मी विचारलं.

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही टाकीच्या जागी राहतो गं," काकू म्हणाल्या. "तरीच म्हटलं, हिवाळ्यात इतकं गार का होतं."

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांचं बोट त्या चौकोनावरच होतं. उभ्या शहराचे नकाशे तपासलेल्या माणसानं स्वतःच्या घराचा नकाशा पाहिला नव्हता. का नाही पाहिला, तेही त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. बिल्डर यांच्याच मूळ तालुक्याचा निघाला. पहिल्या भेटीत "कसं काय काका, बरं आहे ना?" म्हणाला. दुसऱ्या भेटीत घरी येऊन पुरणपोळी जेवला. या शहरात घरमालक उर्दूत बोलतो, वाणी तेलुगूत, साहेब इंग्रजीत. त्यात बिल्डर मराठीत बोलला म्हटल्यावर कागद मागायची काकांना लाज वाटली. "मी म्हटलं, आपला माणूस आहे. आपल्या माणसाला काय नकाशा मागायचा." आमच्या घराच्या वेळी माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. फक्त नशिबानं आमचा मजला नकाशात बसला होता. आमच्या हैदराबादी मराठी घरांतून हा रोग सर्रास आहे. 'कसं काय' ऐकलं की आमची विचारपूस संपते.

मग मी माझं काम केलं. म्हटलं, "काका, हा नकाशा गुंडाळा. सही करा. टॉवरवाल्याला पडलेली नाही, आम्हाला पडलेली नाही. टॉवर होईल, लिफ्ट होईल, काकू बहिणीकडे जातील. तुम्ही बोललात तर टॉवर जाईल, लिफ्ट जाईल, आणि उद्या कुणी तपासायला आलं तर घरही जाईल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," काका म्हणाले. आणि मग, काकूंकडे न बघता, "पण हिचे गुडघे आहेत."

एवढंच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन दिवस हे काय मोजत बसले होते.

काकूंनी शेंगांची सुपली बाजूला ठेवली. "हे बघा जी," त्या म्हणाल्या, "लिफ्टशिवाय माझं चालेल. तुम्ही असे गप्प बसलेले मला नक्को. तीन दिवसांत तुम्ही माझ्या भाकरीला एकदाही वाकडी म्हटलं नाहीत. घर आहे का दवाखाना? बोलून टाका उद्या, आणि मोकळे व्हा. घर पाडायला आलेच तर त्यांनाही सांगा, कुठून पाडलं तर नियमात बसतं."

आणि आज ते बोलले. सेल्लारमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरात, गाड्यांच्या मधे खुर्च्या टाकलेल्या. इस्त्रीचा सदरा घालून आले, नकाशा सूचनाफलकावर टाचला, आणि कचेरीतल्यासारखे उभे राहिले. "इमारत मंजूर नकाशाप्रमाणे नसेल तर तिच्यावर टॉवरची परवानगी मागता येत नाही," ते म्हणाले. "आपली इमारत तशी नाही. नकाशात नसलेलं बांधकाम एकच आहे. ते माझं घर. त्याची लांबी-रुंदी मी खाली लिहिली आहे."

टॉवरवाला मुलगा बूट बघायला लागला. वकीलसाब कळवळून म्हणाले, "अंकल, ये बोलने की क्या जरूरत थी? चुप बैठते ना, हौला काम करे आप!" हौला म्हणजे खुळ्यासारखं. काका म्हणाले, "वकीलसाब, तीन दिवस चुप बैठा. बहुत मेहनत का काम है, मेरे से नै होता." लोक हसले, ते स्वतःही थोडे हसले.

टॉवरचा प्रस्ताव बारगळला. मुलगा नकाशाचा फोटो काढणार तर अम्मांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला, मग बिस्किट दिलं, आणि दोन्ही हात भरल्यावर दारापर्यंत पोचवून आल्या. लिफ्टसाठी वर्गणी काढायचा विषय मी जमेल तसा काढला. लिफ्टच्या प्रत्येक खर्चाला "मैं लिफ्ट में चढतीच नै" म्हणणाऱ्या याच अम्मा खुर्चीवर परत बसल्या आणि म्हणाल्या, "मेरा नाम पहले लिखो." मी लिहिलं. पुढचं भांडण रीतसर झालं, पण शेवटी सगळ्यांची नावं आली.

जाताना काका माझ्याजवळ थांबले. "इतिवृत्तात माझ्या घराचं पूर्ण माप घाल. 'एका सभासदाने' वगैरे लिहू नकोस. नाव घाल. तारीख घाल."

इथवर लिहिलं आणि वही पुन्हा पुढे ओढली. नाव घातलं, तारीख घातली, माप घातलं. हात जड झाला होता हे खरं, पण त्या माणसाच्या कागदात खाडाखोड चालत नाही.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी मलकपेठच्या शाळेत, जिथे मी ऑफिस सांभाळते, अर्ध्या दिवसाची रजा कळवली. काकांनी घर नियमित करून मिळावं म्हणून दरखास्त लिहून ठेवली होती. त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतले, पानं मोजली, पोच दिली. घर राहील की जाईल, हे त्यांनाही सांगता येईना. "टाइम लगता, अंकल," एवढंच म्हणाल्या. काकांनी पोच चार घड्या करून खिशात ठेवली.

येताना वाटभर ते त्या खिशावर हात ठेवून बसले होते. चौकातल्या सिग्नलला मी घाईत ब्रेक लावला आणि पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर चांगलं हातभर गेलं. मी त्यांच्या हरकतीची वाट पाहिली. मागून काही आलं नाही. सिग्नलचे आकडे उतरत होते. मग मी दोन्ही पाय टेकले आणि स्कूटर रेटत रेटत मागे घ्यायला लागले. मागचा ऑटोवाला ओरडला, "क्या मॅडम, रिवर्स में घर जाते क्या?" मी त्याला हातानं थांब म्हटलं, आणि चाक पट्ट्याच्या पूर्ण अलीकडे येईपर्यंत मागे घेतलं.