दादारावचा गळ

माझा मित्र दादाराव वानखेडे मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेत बेलव्ह्यूत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. शनिवार उजाडला की हा गमबूट चढवून नदीवर मासे धरायला जातो. मी कित्येक वर्षं पक्षी बघतोय, कुणाचं पीसही उपटलेलं नाही.

राज्याच्या वन्यजीव निधीवर सुनावणी होती. मी माझ्या मुलीला, नीनाला, घेऊन गेलो आणि घुबडांच्या स्लाइड्स दाखवल्या. एका आमदाराने जांभई दिली. मग शिकारी आणि मासे धरणाऱ्यांच्या रांगेतून दादाराव उठला, नदीवरचंच मळकं जॅकेट घालून.

"माझ्या मासेमारीच्या लायसन्सचे पैसे नदीसाठी जातात, तुम्हीही द्या. मासेच उरले नाहीत, तर शनिवारी घराबाहेर पडायला बायकोला काय कारण सांगू?"

सगळे हसले, आणि मग त्यालाच प्रश्न विचारत बसले. माझा नुसता तिळपापड झाला. मासे मारणारा हा, आणि माशांचा कैवारीही हाच.

परतताना तो माझ्याच गाडीत होता. नीना म्हणाली, "काका, सुपर गळ टाकला तुम्ही."

"आमदारांना गळ घालतात," मी तिला सुधारलं. "टाकतात तो माशांना."

"असू दे रे श्रीरंग," मागून दादाराव म्हणाला, "लागले ना गळाला?"

नीना खळखळून हसली. माझे मराठी विनोद तिला कधीच कळत नाहीत.