क्वार्टरबॅकच्या डोक्यावरचा भोवरा

माती मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी खाल्ली. मिरजेच्या बाजारात खाल्ली, स्वतःच्या लग्नात खाल्ली. पण कॉव्हेंट्रीत इंग्रजांच्या मैदानावर जी खाल्ली, तिची चव अजून तोंडात आहे. चहा घ्या, पण घोट जपून घ्या. मागं एकाला हे सांगत होतो, तर चहा त्याच्या नाकातून आला आणि बोलणी मला बसली सुनेची.

मी सातवी नापास. धंदा काय, तर बैलबाजारात दलाली. शर्यतीचा बैल घ्यायचा असला की लोक मला बोलवायचे. मी दात बघायचो, खूर बघायचो, पाठीवर थाप मारायचो, भोवरा शोधायचो. अंगावर केसांचं गोल वळण असतं ना, तो भोवरा. तो कुठं आहे त्यावरून बैल लाभेल का बुडवेल ते सांगायचं. मी सांगायचो आणि लोक मान डोलवायचे. पुढं बैल पळाला का बसला, ते बघायला मी कधी थांबलो नाही. थांबतो कोण?

मुलगा सुहास डॉक्टर झाला, इथल्या हॉस्पिटलात लागला आणि मला घेऊन आला. सून मीनल, नातू आदित्य. आदित्य इथंच जन्मला, युनिव्हर्सिटीत शिकतो. आणि शेजारी गॅरी. आठवडाभर प्लंबर, रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा कोच.

आता हा फुटबॉल हातानं खेळतात. मग त्याला फुटबॉल का म्हणतात, ते मला विचारू नका, मी गॅरीला विचारून बसलोय. दोन्हीकडचे रेडे डोक्याला टोप घालून एकमेकांवर धडकतात. त्यांच्या मागं एकजण उभा असतो, तो क्वार्टरबॅक. लग्नघरात एक मामा असतो बघा, स्वतः काही उचलत नाही, पण कुणी काय उचलायचं ते तोच ठरवतो, तसा. चेंडू कुणाकडं फेकायचा ते याच्या हातात. हा चांगला तर टीम चांगली.

आदित्यला तो क्वार्टरबॅक व्हायचं होतं. शाळेपासून ध्यास. बागेतल्या कुंपणावर चेंडू मारमारून त्यानं सगळ्या फळ्या खिळखिळ्या केल्या होत्या.

गॅरीच्या शेडमध्ये टीव्ही आहे. अमेरिकेत नवी पोरं निवडायच्या दिवसांत तो मला तिथं बसवायचा. टायवाले तज्ज्ञ तासन्‌तास बोलायचे. याचा पंजा केवढा, उंची किती, पळतो कसा, खांदा कसला. मी म्हटलं, अरे, हा तर आपलाच बाजार.

गॅरी म्हणाला, "गंमत अशी अंकल, की ज्याला हे डोक्यावर घेतात तो आपटतो. आणि ज्याला कुणी विचारत नाही तो पुढं राज्य करतो. बऱ्याचदा."

"मग यांना हाकलत नाहीत?"

"नाही. पुढच्या वर्षी हेच असतात."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझी जात निघाली की ही.

गॅरीचंही तसंच झालं होतं. पट्टी लावून मोजून घेतलेले त्याचे सगळे क्वार्टरबॅक फुसके निघाले होते. एक दिवस कुंपणावरून तो रडगाणं गात होता आणि मला खाज सुटली. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. तरी म्हटलं, "गॅरी, आय सिलेक्ट. इंडिया. चॅम्पियन. होल लाइफ."

त्यानं कान टवकारले. "खेळाडू निवडायचात?"

"बिग. स्ट्राँग. सम व्हेरी अँग्री."

"आणि जिंकायचे?"

"पब्लिक क्रेझी."

यात खोटं एक अक्षर आहे का? फक्त पाय किती, तो विषय निघाला नाही.

गॅरीनं त्याच रविवारच्या निवडीला मला बोलावलं. आदित्य खूश. गाडीत म्हणाला, "आबा, तुम्ही मलाच सिलेक्ट करणार ना? माझा ड्रीम आहे ती."

"तुला नाही तर कुणाला, राजा?" मी म्हटलं. मनातही तेच होतं. पण आधी थोडी मजा करायची, कुठलं तरी बुजगावणं निवडायचं, गॅरीचं तोंड बघायचं, मग हसून सांगायचं की अरे बाबा, खरा हिरा हा माझा नातू. एवढाच बेत.

मैदानावर पोरं ओळीनं उभी. मी खांद्यावर टॉवेल टाकला आणि सुरू झालो. एकाला म्हटलं, ओपन माउथ. दात बघितले. दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली, कातडी थरथरते का बघितलं. तिसऱ्याला लांबपर्यंत चालवत नेला आणि मागून बघत राहिलो. सगळ्यांचे टोप काढायला लावून डोक्यावरचे भोवरे तपासले. इंग्रज लोक सोशिक असतात हो. एकानंही का म्हणून विचारलं नाही.

ओळीच्या शेवटाला एक टकलू उभा होता. बगलेत गुंडाळलेली चटई. नाव कॉलिन, कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला. बिचारा शेजारच्या हॉलमधल्या योगाच्या क्लासला आला होता, चुकून या फाटकातून आत शिरला. ओळ दिसली म्हणून उभा राहिला. ओळ दिसली की उभं राहायचं, हा इथला रिवाजच आहे.

मी त्याच्या डोक्याकडं बघितलं. भोवरा शोधायचा कुठं? तिथं केसच नव्हता. म्हटलं, सापडलं बुजगावणं.

"धिस वन," मी म्हणालो.

गॅरी म्हणाला, "अंकल, हा खेळाडू नाही."

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला आपल्या बाजाराची रीत आठवली. सौदा ठरताना दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव बोलतात, चारचौघांना कळू नये म्हणून. मी गॅरीचा हात धरला, वर टॉवेल टाकला, डोळे मिटले आणि उगाच त्याची बोटं दाबली. भाव कसला, नुसता चावटपणा.

डोळे उघडले तर गॅरीचे डोळे पाणावलेले. "अंकल," तो म्हणाला, "हातातून काहीतरी वर गेलं."

"गॅरी, जोक—"

पण त्यानं शिट्टी मारली होती. सगळ्यांसमोर त्यानं जाहीर केलं, यंदाचा क्वार्टरबॅक कॉलिन. टाळ्या पडल्या. कॉलिन म्हणाला, "ओह. सॉरी. थँक यू." आणि चटई ठेवायला जागा शोधू लागला.

परतताना गाडीत आदित्य रेडिओसुद्धा लावेना. घराशी आल्यावर एवढंच म्हणाला, "आबा, इट वॉज माय प्लेस. तुम्ही असा का केला?"

त्या रात्री खिचडी वाढताना मीनलनं पापडाचा डबा माझ्यासमोरून उचलून नेला. "अहो आबा, पोराच्या जिवावर कसली मजा?"

"अगं, एका मॅचचा प्रश्न आहे. तो टकल्या पहिल्याच धडकेत पळून जाईल. रविवारी संध्याकाळी आदित्य क्वार्टरबॅक. लिहून घे."

तिनं लिहून घेतलं नाही ते बरं झालं.

मॅचला समोरचे रेडे कॉलिनवर धावून आले. मी डोळ्यांवर हात घेतले. बोटांच्या फटीतून बघतो तर गडी जागचा हलेना. नाकानं श्वास घेतोय, सोडतोय. रेडे अगदी अंगावर आल्यावर त्यानं सावकाश चेंडू फेकला आणि लांब पळणाऱ्या भिडूच्या छातीवर नेऊन ठेवला. मग तो आडवा झाला, उठला आणि पाडणाऱ्यालाच सॉरी म्हणाला. सगळी मॅच हेच. आमची टीम जिंकली. पुढची जिंकली. त्याच्या पुढचीही जिंकली.

गॅरी मला पोरांसमोर उभं करून म्हणायचा, "या माणसाला दिसतं." आणि बाकावर बसलेला आदित्य माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. पोरगं घरात माझ्याशी बोलायचं बंद झालं होतं. चेष्टा सगळ्यांची केली हो मी जन्मभर, पण रुसलेला नातू बघवत नाही.

शेवटी गॅरीच्या शेडमध्ये गेलो. म्हटलं, "गॅरी, आय सिलेक्ट चॅम्पियन, ट्रू. बट बुल्स."

"शिकागो बुल्स टीमचे?"

"नो. विथ टेल."

त्यानं भिंतीवरचा पाना काढला. मला वाटलं, आता घालतोय डोक्यात. तर विचारतो, "मग तुम्हाला मनापासून कोण बेस्ट वाटतो?"

"आदित्य. हार्टवर हात. जन्माला आला तो क्वार्टरबॅक म्हणूनच. पण त्याला पळायला लावू नकोस. पळताना दमलेल्या म्हशीसारखा दिसतो."

योगायोग बघा. शेवटच्या मॅचच्या दिवशी कॉलिनच्या बहिणीचं लग्न होतं. समोर वॉटफर्डची टीम, हरलो तर सगळा सीझन पाण्यात. गॅरीनं आदित्यला उभं केलं. घरात पापड परत आला. आदित्य माझ्या गळ्यात पडला. मी मीनलला, सुहासला, सगळ्यांना मैदानावर नेलं. वाटेत भेटेल त्याला सांगितलं, बघा आता.

आदित्यनं पहिला चेंडू सरळ वॉटफर्डच्या माणसाच्या हातात दिला. इतका अचूक, की त्या माणसानं थँक यू म्हटलं. दुसरा चेंडू खेळाडूंसाठी ठेवलेल्या संत्र्यांच्या फोडींच्या टेबलावर. तिसरा सुहासच्या मांडीवर येऊन पडला. कुंपण समोरून पळत नाही, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

मध्यंतराला आम्ही मरणाचे मागं. आदित्य टोप काढून गवताकडं बघत बसलेला. तेवढ्यात पार्किंगमधून कॉलिन आला, सुटाबुटात, कोटाला फूल. लग्न लागल्या लागल्या निघाला होता म्हणे. गॅरी त्याला कपडे बदलायला पाठवून माझ्याकडं आला.

"अंकल, आदित्यला पळता येत नाही म्हणालात. नक्की?"

"शंभर टक्के. मी त्याला रांगताना बघितलाय."

गॅरीनं मान हलवली आणि आदित्यला पळायला उभं केलं.

कॉलिननं श्वास घेतला, सोडला आणि चेंडू फेकला. आदित्यनं तो असा झेलला आणि असा सुटला, की माझ्या सगळ्या बाजारातला एक बैल तसा पळाला नव्हता. परत फेकला, परत पळाला. वॉटफर्डवाले नुसती त्याची पाठ बघत राहिले. आम्ही जिंकलो. पोरांनी आदित्यला खांद्यावर घेतलं. वरून तो ओरडला, "आबा, आय ॲम फास्ट. मला माहितीच नव्हता."

मलाही नव्हतं.

संध्याकाळी गॅरी घरी आला. चहाचा कप धरून विचारात पडलेला. म्हणाला, "टीव्हीवरचे तज्ज्ञ कधी चुकतात, कधी बरोबर येतात. त्यांचा काय उपयोग? तुम्ही मनापासून जे बोलता ते दर वेळी चुकतं. कॉलिन पळून जाईल म्हणालात, हे मीनलकडून कळलं, आदित्य जन्मजात क्वार्टरबॅक म्हणालात, पळता येत नाही म्हणालात. असा माणूस मी शोधत होतो."

आता माझी मैदानाच्या कडेला स्वतःची खुर्ची आहे. नवा पोरगा आला की गॅरी विचारतो, "कसा वाटतो?" मी चांगला म्हटलं की तो त्या पोराला प्रेमानं घरी पाठवतो.

मैदानापुरतं असतं तर चाललं असतं. पण गॅरीनं हे सगळं आमच्या बैठकीच्या खोलीत, सुहास आणि मीनलच्या देखत सांगितलं. तेव्हापासून ती विचारते, "आबा, आज पाऊस येईल का हो?" मी नाही म्हणतो आणि ती दोरीवरचे कपडे काढायला धावते. थापही मारता येत नाही, कारण मनात काय आहे ते बाईला माझ्या तोंडावरून कळतं.

परवा सकाळी सुहास ड्युटीला निघाला होता. बुटाची लेस बांधता बांधता त्यानं सहज विचारलं, "बाबा, तब्येत कशी आहे?"

"अरे, एकदम ठणठणीत," मी म्हणालो, "अजून वीस वर्षं काही होत नाही मला."

त्यानं लेस तशीच सोडली. माझा कोट आणला. आणि हॉस्पिटलला फोन लावून म्हणाला, "मी वडिलांना घेऊन येतोय, एक बेड तयार ठेवा."