शाल-श्रीफळ आणि एकेचाळीस वॉट

मी बत्तीस वर्षं डोंबिवलीत फिजिक्स शिकवलं, आणि त्यातली निदान तीस वर्षं मुलांवर एकाच गोष्टीसाठी खेकसलो. प्रॅक्टिकलला आधी उत्तर बघायचं आणि मग त्याला जुळतील अशी रीडिंग जर्नलात भरायची, हा आपल्याकडचा जुना धंदा. अशी पानं मी सरळ फाडायचो. मीटर दाखवेल ते लिहा, आणि आकडा पटला नाही तर मीटरला नावं ठेवण्याआधी स्वतःची जोडणी तपासा, हे माझं वाक्य मुलं माझी नक्कल करताना म्हणायची. मला ते माहीत होतं आणि आवडायचंही. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढं जे झालं ते न कळून झालं असं कुणी म्हणू नये.

ज्याचं जर्नल मी दोनदा फाडलं होतं असा एक विद्यार्थी गेल्या एप्रिलमध्ये घरी आला. आता चाळिशीचा, पोट सुटलेला, दोन फोन. दारातच वाकून पाया पडला. नव्या तऱ्हेची सोलर शीट विकत होता. नेहमीची जाड काचेची पॅनेल नाहीत, रेक्झिनसारखी लवचिक, गच्चीवर थेट चिकटवायची, आणि नेहमीच्या पॅनेलच्या पाव किमतीत.

"सर, टेक्नॉलॉजीच चेंज झालीय," तो म्हणाला. "ढग असू दे नाहीतर काही असू दे, फुल आउटपुट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं फुकटात चालणार."

आमच्या सोसायटीच्या सभेत त्याचा प्रस्ताव येणार होता. नमुन्याचं एक शीट माझ्याकडे ठेवून गेला. साधारण अर्धा चौरस मीटर. मागं लेबल होतं: दोनशे वॉट.

लेबल वाचून मला हसूच आलं. भर दुपारी एवढ्या जागेवर ऊन पडून पडून पडणार पाचशे वॉटचं. बाजारातली उत्तम पॅनेलसुद्धा त्यातला जेमतेम पाव भाग काढतात, आणि हे बेणं पाव किमतीत त्याच्या दीडपटीहून जास्त काढणार! मी शीट कपाटामागं सरकवलं आणि चहा प्यायलो.

दोन दिवसांनी शेवटच्या मजल्यावरच्या ताई आल्या. त्या ठाण्याला खोपटच्या बस डेपोत, वर्कशॉपमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची. तीन पावसाळे त्यांच्या आईच्या खोलीत पाणी गळत होतं आणि म्हाताऱ्या बाईंची कॉट स्वयंपाकघरात होती. ताईंनी कमिटीला अर्जावर अर्ज देऊन, सेक्रेटरींच्या दारात उभं राहून, शेवटी गच्चीला नवा कोबा करून घेतला होता. कॉट आत जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

"सर, हे लोक गच्चीला हात लावणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "चिकटवायच्या आधी कोबा घासून घेणार आहेत. त्या शीटमध्ये खरंच दम असेल तर माझं काही नाही. पण आहे का? माझ्याकडं मीटर आहे, आपण बघूया ना."

रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही दोघं गच्चीत. लोड म्हणून त्यांनी बसच्या हेडलाइटचा एक बल्ब आणला होता. मीटर त्यांचं स्वतःचं, पिवळं, कडेला घासून पांढरं पडलेलं. जोडणी त्यांनी इतकी नेटकी केली की मला हात घालायला जागाच राहिली नाही. बल्ब लागला, पण आजारी पिवळा.

"ह्याच्यावर गाडी काढली तर ड्रायव्हर माझ्या नावानं बोंबलेल," त्या हसून म्हणाल्या.

मी व्होल्ट आणि अँपियर टिपून घेतले, शीट जरा तिरकं करून पुन्हा टिपले, गुणाकार केला. एकेचाळीस वॉट. कागदावर तारीख, वेळ, सगळं रीतसर लिहिलं. ताई म्हणाल्या, "सर, सभेत तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील." मी म्हणालो, अर्थात. आणि तसं मी मनापासून म्हणालो होतो.

सभा पुढच्या रविवारी, पार्किंगमध्ये. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी खुर्चीत टेकतोय तोच अध्यक्ष उठले आणि म्हणाले, विषय घेण्याआधी एक छोटासा कार्यक्रम. आपल्याकडं कुणाकडून काही काढून घ्यायचं असेल तर आधी त्याचा सत्कार करतात, हे मला काय माहीत नव्हतं? चाळीस सत्कारांना टाळ्या वाजवलेला माणूस मी. तरी माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि तो विद्यार्थी माइकवर म्हणाला, "सरांनी माझं जर्नल फाडलं नसतं तर मी आज इथं नसतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला सरांनी शिकवलं." मोठ्या टाळ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी माझ्याकडं एकदम बघितलं नव्हतं.

मग प्रस्ताव आला. त्यानं स्लाइड दाखवल्या, दोनशे वॉट, ढगातही, पावसातही. मी शाल पांघरून बसून राहिलो. मेचा उकाडा, घाम मानेवरून ओघळतोय, पण शाल काढवेना. मागच्या रांगेतून ताई उठल्या.

"आम्ही शीट मोजलंय. दोनशे नाही, एकेचाळीस येतात. सर होते बरोबर. सर, सांगा ना."

सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. तो विद्यार्थीही बघत होता, हात जोडल्यासारखे पुढं धरून. मी खिशाकडं हात नेला. बोटांना कागद लागला, आणि मी त्याच्या शेजारचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"ते आपलं घरगुती मोजमाप होतं हो," मी म्हणालो. "साधं मीटर, जुनं. त्यावर कितपत विसंबायचं? ही जरा तांत्रिक बाब आहे, ताई."

दोन-चार जण हसले. ताई खाली बसल्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. ताईंच्या जागी घोडबंदर रोडच्या एखाद्या कंपनीतला टाय लावलेला इंजिनियर असता तर त्याला मी 'तांत्रिक बाब' म्हणून गप्प केलं असतं का? नसतं केलं. हे मला त्याच संध्याकाळी, नारळ देवापुढं ठेवताना कळलं, आणि तरी मी वर जाऊन त्यांच्याशी बोललो नाही.

जूनच्या आधी कोबा घासून शीट चिकटवून झाली. पंधरा दिवसांत उन्हानं त्यांना फुगे आले. लिफ्ट आणि पंप होते तसेच महावितरणच्या विजेवर चालत राहिले. जुलैत त्या विद्यार्थ्याचे दोन्ही फोन बंद लागायला लागले. मी टिटवाळ्याला त्याच्या गोडाऊनपर्यंत जाऊन आलो, तर शटरला कुलूप आणि शेजारचा पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, तुम्ही आज आलेले चौथे.

सोसायटीत सगळे माझ्याशी फार चांगलं वागले. "सर, तुमच्यासारख्या माणसालासुद्धा फसवलं हो त्यानं," असं जिन्यात भेटेल तो म्हणायचा. मला कुणी फसवलं नव्हतं. पण मी मान हलवायचो, सुस्कारा टाकायचो, आणि ती सहानुभूतीही गुपचूप पदरात पाडून घ्यायचो. याची लाज मला सभेतल्या त्या वाक्याइतकीच वाटते, कधी जास्तच.

ऑगस्टच्या सुरुवातीला सेक्रेटरी सहज म्हणाले की शेवटच्या मजल्यावर पुन्हा गळतंय. त्या दिवशी मी कागद खिशात घालून वर गेलो. कॉट स्वयंपाकघरात आली होती. म्हाताऱ्या बाई ओट्याकडं पाय करून पडल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको नको म्हणालो. आतल्या खोलीत छतावर मोठा ओला डाग, खाली बादली. ताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

मी कागद काढून त्यांच्यापुढं धरला. म्हणालो, "हा त्या दिवशी माझ्या खिशात होता. आकडा बरोबर होता. मला माहीत होतं."

त्यांनी कागद घेतला नाही. नुसता वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे मीटर ठीक होतं?" त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही तसं बोललात ना, तर मला वाटलं माझ्याच मीटरमध्ये लोचा आहे. दुसऱ्या दिवशी डेपोत नेऊन दुसऱ्या दोन मीटरशी लावून चेक केलं. बरोबर दाखवत होतं. तरी मी म्हटलं, सर बोलले म्हणजे काहीतरी असेल. मग वायरी बदलल्या. मग नवीनच घेतलं. जुनं अकरा वर्षं वापरलेलं, सर. भंगारात देऊन टाकलं."

बादली भरत आली होती. मी ती उचलून मोरीत ओतली आणि आणून पुन्हा तिथंच ठेवली.